फाट्यापासून आत

चिपळूणला परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, वेरूळ पाहिलंत का, मकबरा पाहिलात का, पैठणी आणलीत का. छत्रपती संभाजीनगरकडे बरेच दिवस राहून आलेल्या बाईला लोक दुसरं काय विचारणार? यातलं मी काहीच केलं नाही. दौलताबादचा किल्ला तेवढा गाडीच्या काचेतून येता-जाता दिसायचा. बाकी सगळे दिवस एका रस्त्यावर गेले. नकाशावर तो बोटाच्या पेराएवढाही नाही. त्याच्याविषयी लिहिते आहे, कारण तिकडे मुद्दाम कुणी जाणार नाही.

लासूर स्टेशन

माझी थोरली बहीण विजूताई वैजापूर तालुक्यातल्या सावळेवाडीत दिलेली. आम्ही दोघी वाढलो लासूर स्टेशनला. वडील आडतीच्या दुकानात दिवाणजी होते. मी लग्नानंतर कोकणात गेले आणि तिकडचीच झाले. गेल्या वर्षी दाजींच्या, म्हणजे ताईच्या यजमानांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. जवळपास कुठं जागा मिळाली नाही, नंबर लागला तो शहरातल्या एका दवाखान्यात. ताई सोबत जायची. दिवाळीनंतर ती पुतण्याच्या मोटारसायकलवरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. मुलगा बंगळुरूला, नोकरी नवी, रजा नाही. म्हणून मी निघाले.

गाडीतून उतरले तर ताई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून फलाटावर उभी. शेजारी व्हॅनवाले सलीमभाई. दाजींना शहरात नेण्या-आणण्याचं काम तेच करायचे. त्यांनी माझी बॅग उचलली आणि मला मोठी बहीण करून म्हणाले, "बाजी, पहिले चाय पी लो. बाद में पेट में कुछ टिकता नै."

मला वाटलं, थट्टा आहे. स्टेशनबाहेर मिरचीची भजी खाल्ली, चहा घेतला. बाजाराच्या आवाराकडे कांद्याच्या गाड्या लागल्या होत्या. मला माहेरी आल्यासारखं वाटत होतं. डांबरी रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कापूस आणि मका, आणि आमच्याकडे कधी दिसत नाही एवढं आभाळ. कोकणात कुठंही पाहा, नजर डोंगराला नाहीतर माडाला अडते. इथं ती अडतच नाही. मी ताईला म्हटलं, "रस्ता तर छान आहे की गं."

"फाटा येऊ दे," ताई म्हणाली.

फाट्यावर एक मोठा निळा फलक होता. कामाचं नाव, मंजूर निधी, ठेकेदाराचं नाव, आणि हा रस्ता किती वर्षं सांभाळण्याची जबाबदारी त्याची, असं सगळं त्यावर एके काळी लिहिलेलं असावं. कामाचं नाव वाचता येत होतं. खालच्या ओळींवर कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पोस्टर चिकटवलं होतं आणि ते उन्हात वाळून फलकाला एकजीव झालं होतं.

तिथून आत वळलो. आमच्या कोकणातल्या महामार्गाचे खड्डे मी वर्षानुवर्षं खाल्ले आहेत, त्यामुळे मला खड्ड्यांचं कौतुक नव्हतं. पण खड्डा म्हणायला भोवती रस्ता असावा लागतो. इथं डांबराचे तुकडे बेटांसारखे उरले होते. मधली काळी माती गाड्यांच्या चाकांनी पिठासारखी झाली होती. एका मोठ्या महामार्गाच्या कामासाठी मुरूम वाहणारे डंपर दोन वर्षं इथून गेले, महामार्ग पूर्ण झाला, डंपर निघून गेले. कडेच्या कपाशीवर धुळीचा असा थर, की बोंड कुठलं आणि पान कुठलं कळेना. ताई प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं छातीशी दाबून बसली होती आणि प्रत्येक दणक्याला डोळे मिटत होती.

सावळेवाडी

दाजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पूर्वीचा त्यांचा आवाज मला आठवत होता. निवडणुकीत जीपवर भोंगा लावून ते गावोगाव फिरायचे; भोंगा बिघडला तरी अडायचं नाही, असा गळा. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. आता मान बारीक झाली होती, पाय सुजलेले.

"या नंदाताई. रस्ता कसा वाटला?" आणि स्वतःच हसले.

ताईनं एका हातानं स्वयंपाक करून ठेवला होता. येसर आमटी, बाजरीची भाकरी, भरीत, ओल्या मिरचीचा ठेचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ठेच्यानं आणि बाकीच्यानंही. दाजींच्या ताटात वेगळं, अळणी. पाणी त्यांना दिवसभरात ठरलेलं, तेही ताई देईल तेवढंच. जेवताना ते माझ्या भरलेल्या तांब्याकडे पाहत नव्हते, आणि ते पाहत नाहीत हे मला दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी पाणी आत जाऊन प्यायला लागले.

या गावाला पूर्वी एसटी यायची. स्प्रिंगचे पाटे तुटतात म्हणून ती फाट्यावरच थांबायला लागली. आठवीच्या पुढच्या मुली तोंडाला स्कार्फ बांधून फाट्यापर्यंत पायी जातात. शेजारच्या घरातली अशी एक मुलगी या वर्षी घरीच बसली. तिची आई मला म्हणाली, "पोरगी शाळंत पोचंस्तोवर अर्धी शाळा सुटलेली असती. मग कशाला?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पाऊसपाण्याविषयी बोलावं तसं बोलत होती. मला तेच सोसलं नाही.

शहर

पहिल्या खेपेला मी दाजींच्या शेजारी बसले. ज्या हाताला सुया टोचतात तो हात त्यांनी उशीवर ठेवला होता. सलीमभाई व्हॅन अशी चालवत होते, जणू मागं दुधाचं पातेलं ठेवलंय. तरी दणके बसत होते. फाट्यावर चांगला रस्ता लागला तसा दाजींनी मोठा श्वास सोडला आणि मला किल्ला दाखवायला लागले, कुठून कसा दिसतो ते.

डायलिसिसला चार तास लागतात. सलीमभाई मला जुन्या शहरात, एका दरवाजाच्या आतल्या गल्लीत नान-खलिया खायला घेऊन गेले. मोठ्या देगचीतला लाल, तेल सुटलेला रस्सा आणि हळदीच्या रंगाचे मऊ नान. मासे खाणारी मी, दोन नान संपवून बसले. सलीमभाईंना बरं वाटलं. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाजी, एक बात बोलू? मेरी गाडी का नीचे का पूरा काम दो बार हो गया. आबा का चेहरा देख के मैं ना नै बोलता. लेकिन कब तक?"

परतताना दाजी थकून गेले होते. डायलिसिसनंतर माणूस पिळून काढल्यासारखा होतो. फाट्यावरून आत आलो आणि थोड्याच अंतरावर एका दणक्यानं ते माझ्या अंगावर आले. बाहीवर रक्त दिसलं. सुई काढलेल्या जागेची पट्टी सरकली होती. मी अंगठा दाबून धरला. सलीमभाईंनी गाडी थांबवली. रक्त थांबायला बराच वेळ लागला. मग दाजी म्हणाले, "मी इथून चालतो." आणि खरंच उतरले. मी त्यांचा हात धरून चालत होते, व्हॅन आमच्या मागून हळूहळू येत होती. शेतातली माणसं हातातलं काम सोडून पाहत होती. एकानं विचारलं, "आबा, व्हय, पायी?" दाजी म्हणाले, "पायी बरं वाटतंय."

घरी आल्यावर ताईनं बाही पाहिली आणि शर्ट पाण्यात टाकला.

भूमिपूजन

त्याच आठवड्यात बातमी आली, की रस्त्याचं भूमिपूजन आहे. आमच्या भागाचे साहेब स्वतः येणार. (त्यांना सगळे साहेबच म्हणतात, मीही तेच म्हणते.) या रस्त्याचा नारळ याआधी दोनदा फुटलेला होता. तरी गावात चैतन्य आलं. सगळ्यांत जास्त दाजींना.

"मी विचारतो," ते म्हणाले. "मागच्या वेळी निधी आला, काम कागदावर झालं. त्याचं काय झालं, अन् हे काम संपणार कव्हा, तारीख सांगा. चारचौघांत विचारतो. साहेब मपलं ऐकतील. त्यांच्या पहिल्या इलेक्शनला मी घरचं जेवण सोडून फिरलोय."

"तुम्ही नाय विचारायचे," ताई म्हणाली. "तुमचा भिडस्त सोभाव."

दाजी चिडले. दोन दिवस ते ओट्यावर बसून मनाशी जुळवणी करत होते. मधूनच मला म्हणायचे, "नंदाताई, हे असं विचारलं तर कसं वाटंल?" वाक्य स्वच्छ असायचं, कुणाचा अपमान नाही आणि सुटकाही नाही. मला त्यांचा अभिमान वाटला.

मांडव गावात नव्हता, फाट्यावर होता. साहेबांच्या गाड्या आत येणार नव्हत्या. गावच रस्ता तुडवत फाट्यावर गेलं. दाजींनी कडक इस्त्रीचे कपडे घातले होते, व्हॅनमधून उतरल्यावर त्यांच्यावरची धूळ मी पदरानं झटकली.

साहेब आले, नारळ फुटला, कुदळ मारली गेली, फोटो निघाले. आणि मग साहेबांना गर्दीत दाजी दिसले. ते सरळ खाली उतरून आले. दाजींना त्यांनी मिठी मारली. "आबा! काय ही तब्येत करून घेतली? मला कळवलं का नाही?" त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मला ते खरंच वाटलं. हात धरून त्यांनी दाजींना स्टेजवर नेलं, शेजारच्या खुर्चीत बसवलं, शाल घातली. "आबा म्हणजे मला वडिलांच्या जागी. हे नसते तर मी इथं नसतो." टाळ्या पडल्या. कुणीतरी दाजींच्या हातात माईक दिला.

मी आणि ताई बायकांत बसलो होतो. ताईनं माझं मनगट धरलं.

दाजी उभे राहिले. खांद्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाले, "साहेब आले. आनंद झाला. सावळेवाडीच्या वतीनं मी आभार मानतो." आणि बसले.

तेव्हा ताई उठली. प्लास्टरचा हात पुढं, पदर डोक्यावर. माईक नव्हता, पण आवाज सगळीकडे गेला. "साहेब, हा नारळ तिसऱ्यांदा फुटलाय. पहिल्या दोन नारळांचा रस्ता कुठंय? तो कुणी खाल्ला, ते सांगा. अन् या खेपंला संपणार कव्हा?"

साहेबांनी हात जोडले. "ताई, तुमचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. अशा माता-भगिनी आहेत म्हणून लोकशाही आहे." मागं वळून त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलं, "लिहून घ्या." अधिकाऱ्यानं मान हलवली. मग साहेबांनी स्वतः ताईसाठी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या मांडवानं वाजवल्या. त्या टाळ्यांत ताई उभीच राहिली. तिला उत्तर हवं होतं. टाळ्या थांबल्या तोवर साहेब पायऱ्या उतरून गाडीकडे निघाले होते आणि पेढे वाटायला सुरुवात झाली होती.

घरी आल्यावर दाजी सरळ आत गेले. शाल त्यांनी स्वतः घडी करून कपाटात ठेवली.

खडी

पण काम सुरू झालं, हेही सांगायला हवं. दुसऱ्याच सकाळी जेसीबी आला. पोरंबाळं बघायला धावली. ताईनंही चुलीवरचं उतरवून ठेवलं आणि माझ्याबरोबर गावाबाहेरपर्यंत आली. यंत्रानं उरलंसुरलं डांबर उखडलं, रस्ता अर्ध्या रुंदीपर्यंत खोदला, मोठ्या खडीचे ढीग मधोमध टाकले. दोन दिवस आवाज चालला. मग जेसीबी दुसऱ्या कामावर गेला आणि तो परत आला नाही. आता एका बाजूला खोदलेली चारी, एका बाजूला खडी, आणि मधून जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी वाट राहिली. पूर्वी निदान रस्ता वाईट होता, आता तो नव्हताच.

सलीमभाईंची व्हॅन त्यात खालून घासली, ऑइल गळायला लागलं. ते ओट्यावर आले आणि दाजींच्या पायांपाशी बसले. "आबा, मेरे को माफ करो. फाटे तक आता मैं. अंदर नै आ सकता."

"तुझं काय चुकलं रे," दाजी म्हणाले.

डायलिसिसच्या दिवशी शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत गादी टाकली, गादीवर दाजींना निजवलं, मी आणि शेजारच्या दोघी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून बसलो. ट्रॉलीला स्प्रिंग नसतात. फाट्यापर्यंत दाजी आभाळाकडे पाहत होते. एकदाच म्हणाले, "गव्हाची पोती अशी न्यायचो आम्ही."

वैजापूर

ताईनं ठरवलं, की आता ऑफिसात जायचं. आम्ही दोघी वैजापूरला गेलो. ज्या कार्यालयात गेलो तिथला अधिकारी तरुण होता आणि अतिशय सभ्य. ताईचा हात पाहून त्यानं खुर्ची पुढं ओढली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, भूमिपूजन झालं त्या कामात फाट्याजवळचाच तुकडा आहे. पुढचा रस्ता त्यांच्याकडे नाही, दुसऱ्या खात्याकडे आहे. आम्ही दुसऱ्या खात्यात गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं, तो रस्ता दर्जा वाढवून पहिल्या खात्याकडे गेला. आम्ही परत पहिल्याकडे आलो. तो म्हणाला, दर्जा वाढवायचं ठरलं, पण रस्ता प्रत्यक्ष ताब्यात आला नाही.

"मग मागच्या वेळी काम केलं कुणी?" मी विचारलं.

"मॅडम, तेव्हा मी इथं नव्हतो."

"जे होते ते?"

"बदलून गेले. माझीही ऑर्डर आलीय."

ताईनं चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, मी भांडायला नाय आले. मला एवढंच सांगा, हे इचारायचं कुणाला? एक माणूस सांगा. त्याच्या दारात जाऊन बसते."

तो खरंच विचारात पडला. टाळत नव्हता, त्याच्या कपाळावर आठी आली, तो मनातल्या मनात एकेक नाव घेऊन पाहत असावा. शेवटी म्हणाला, "खरं सांगू का ताई, मलाही माहीत नाही."

बाहेर येऊन आम्ही लिंबाच्या झाडाखाली बसलो. सगळीकडे माणसं, कागद, मोटारसायकली, चहाच्या टपऱ्या. लहानपणी वडील तालुक्याला निघाले की म्हणायचे, तिथं सरकार बसतं. मला वाटायचं, कुठंतरी एक मोठी खुर्ची असेल आणि तिच्यावर एक माणूस बसलेला असेल. ताई रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "चोर भेटला असता तर बरं झालं असतं."

परत

पुढच्या खेपेला ट्रॅक्टर दारात उभा राहिला आणि दाजी म्हणाले, "आज नको."

ताईनं समजावलं, मी समजावलं, मुलानं बंगळुरूहून फोनवर विनवलं. ते भिंतीकडे तोंड करून निजले. "मशीनचं भ्या नाय मला," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना झोपता येईना, बसूनही श्वास पुरेना. ओठ काळेनिळे दिसायला लागले. तेव्हा गावानं त्यांना उचलून ट्रॉलीत घातलं. ते कालचे नको म्हणणारे दाजी माझा हात घट्ट धरून "लवकर, लवकर" म्हणत होते, आणि त्या वाटेवर लवकर जाताच येत नव्हतं. ती फेरी मी जन्मात विसरणार नाही.

ते वाचले. डॉक्टरीणबाईंनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, की यांना पुन्हा त्या गावात नेऊ नका.

मग जमीन बटाईनं दिली. दवाखान्याजवळच्या वस्तीत एक खोली मिळाली, जिना चढून जायची. ताईनं दोन भांडी, गाद्या, देव एवढं आणलं. जन्मभर ज्यांच्या ओट्यावर गाव बसायचं ते दाजी आता अशा खिडकीत बसतात, जिच्यातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. त्यांचं तिथं बस्तान बसवून मी चिपळूणला आले. गाडीत बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची मला शरम वाटली.

परवा ताईचा फोन आला. तिकडे निवडणूक लागली आहे. साहेबांचा माणूस खोलीवर आला होता. म्हणाला, सावळेवाडीत आबांनी फक्त गाडीत बसून यावं, लोकांना हात करावा, बाकी काही नाही. साहेबांनी स्वतःची गाडी पाठवली होती.

"मग?" मी विचारलं.

"गेले."

"त्या रस्त्यानं?"

"त्याच. खडी तशीच हाय. मी दिवसभर देवापुढं बसले. संध्याकाळी जिना चढून आले ते हसत. म्हणले, विजू, लई मोठी गाडी गं, एसी, पाण्यावरून चालल्यावाणी चालती. काहीच लागलं नाय. म्हणले, तसा रस्ता काय एवढा वाईट नाय आपला."

मी विचारलं, "तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार, नंदा? किती दिसांनी हसले होते."